मिळवता मुलगा : काफ्काच्या ‘रूपांतर’ कथेविषयीं

एखाद्या कथेचें पहिलेंच वाक्य फार प्रसिद्ध झालें म्हणजे उरलेल्या कथेवर थोडासा अन्याय होतो. प्राग येथील जर्मन लेखक फ्रान्झ काफ्का याच्या ‘रूपांतर’ या दीर्घकथेचें असेंच झालें आहे. एक तरुण फिरता विक्रेता सकाळीं जागा होतो आणि आपण एक अजस्र किडा झालों आहों असें त्याला आढळून येतें, एवढी गोष्ट आज कथा न वाचलेल्या माणसालाहि ठाऊक असते. आणि ती ठाऊक असल्यामुळें आपण कथाहि जाणतों असें त्याला वाटतें. वस्तुतः ही घटना कथेच्या आरंभींच घडून गेलेली असते, आणि ती कां घडली याविषयीं काफ्का अखेरपर्यंत एका अक्षराचाहि खुलासा करीत नाहीं. शाप नाहीं, पाप नाहीं, उःशाप तर नाहींच. झालें तें झालें. आतां घरांतील माणसें काय करतात तें पाहा, एवढेंच जणू त्याचें म्हणणें आहे. किड्याची कथा म्हणून जिची ख्याति झाली ती वास्तविक एका घराची कथा आहे.

काफ्कानें ही कथा १९१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत लिहिली. ती १९१५ सालीं ‘डी व्हाइसन ब्लेटर’ या जर्मन मासिकांत आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लाइपझिगच्या कुर्ट वोल्फ या प्रकाशकानें ती पुस्तकरूपानें काढली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चित्रकार किड्याचें चित्र काढील कीं काय, अशी काफ्काला धास्ती वाटली, आणि किडा मुळींच काढूं नये, दुरूनसुद्धां दाखवूं नये, असें त्यानें प्रकाशकाला निक्षून कळविलें. शेवटीं मुखपृष्ठावर जें चित्र आलें त्यांत एक अर्धवट उघडें दार आहे, आणि त्या दाराकडे पाठ करून, हातांनीं तोंड झांकून चाललेला एक माणूस आहे. लेखकाचा आग्रह हा लहरीपणा नव्हता असें आम्हांस वाटतें. वाचकाचें लक्ष किड्यावर खिळलें तर तें दाराकडे जाणार नाहीं. आणि या कथेंत जें कांहीं महत्त्वाचें घडतें तें एका दाराच्या अलीकडे आणि पलीकडे घडतें.

या कथेचे अर्थ लावणाऱ्यांची वाण कधींच पडलेली नाहीं. कोणी तींत बाप-लेकाच्या वैराचें मानसशास्त्र पाहिलें. कोणी मध्य युरोपांतील ज्यू माणसाचा उपरेपणा पाहिला. कोणी कचेऱ्यांच्या युगांतील नोकरदाराची दैना पाहिली. काफ्काच्या चरित्रांत प्रत्येकाला आधार सांपडतो. तो १८८३ सालीं जर्मन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांत जन्मला. वडील हेर्मान हे स्वतःच्या हिंमतीवर वर आलेले व्यापारी, घरांत मोठा दरारा असलेले. मुलगा कायद्याचा पदवीधर होऊन १९०८ पासून कामगारांच्या अपघात-विम्याच्या कचेरींत नोकरीस लागला. १९१९ सालीं त्यानें वडिलांना उद्देशून एक फार लांब पत्र लिहिलें. तें वडिलांच्या हातीं कधींच पडलें नाहीं. १९२४ सालीं वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं तो क्षयानें वारला. हें सारें खरें आहे. परंतु एवढ्यावरून कथेचा उलगडा करण्याची घाई केली म्हणजे एक अगदीं साधी गोष्ट नजरेंतून निसटते. साम्सा कुटुंबाचें घर हें कांहीं विलक्षण घर नव्हे. वडिलांची बुडालेली पेढी, डोक्यावरचें कर्ज, आईचा दमा, धाकट्या मुलीचें भवितव्य, चार लोकांतील अब्रू, आणि एकट्या मुलाच्या पगारावर चाललेला संसार, यांपैकीं एकहि गोष्ट आपल्या वाचकांना परकी वाटणार नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत एकच प्रश्न विचारावयाचा आहे. ग्रेगॉर साम्सा एकाकी केव्हां झाला? किडा झाल्यानंतर, कीं त्यापूर्वींच?

आमचें उत्तर असें कीं, त्यापूर्वींच; आणि त्याचा पुरावा काफ्कानें पहिल्या कांहीं पानांतच मांडून ठेवला आहे. जागा झाल्यावर ग्रेगॉरला जी चिंता लागते ती आपल्या देहाची नव्हे, आगगाडीची. पांचची गाडी चुकली. साडेसहा वाजून गेले. कचेरींतील शिपायानें एव्हांना मालकाला वर्दी दिली असेल. पांच वर्षांच्या नोकरींत तो एकदांहि आजारी पडलेला नव्हता. आजारी पडण्याची त्याला सोयच नव्हती. आई-वडील मालकाचें देणें लागत होते आणि तें फिटेपर्यंत त्याला मान वर करतां येत नव्हती. त्याच्या भिंतीवर एका सचित्र मासिकांतून कापून घेतलेलें, केसाळ कातड्याची टोपी घातलेल्या एका बाईचें चित्र टांगलेलें आहे, आणि त्याची चौकट त्यानें स्वतः लाकूड कोरून बनविली आहे. स्वतःसाठीं म्हणून केलेली तेवढीच एक गोष्ट त्या खोलींत दिसते. मुलगा संध्याकाळीं कधीं बाहेर पडत नाहीं, टेबलाशीं बसून वर्तमानपत्र वाचतो किंवा गाड्यांचें वेळापत्रक चाळतो, असें आई सांगते. तिला याचा थोडा रागहि येतो. पण कचेरींतील मुख्य कारकून दारांत येऊन उभा राहिल्यावर तीच गोष्ट ती मुलाच्या सद्वर्तनाचा दाखला म्हणून त्याच्यापुढें मांडते. आईच्या मायेविषयीं येथें शंका नाहीं. परंतु ज्या गोष्टीची काळजी करावयाची तीच गोष्ट भूषण म्हणून सांगण्याची पाळी त्या मायेवर आली आहे.

सर्वांत बोलकी गोष्ट कुलुपांची आहे. फिरतीवर असतांना परक्या हॉटेलांत उतरावें लागत असल्यामुळें घरींहि रात्रीं खोलीचीं सारीं दारें आंतून कुलूप लावून निजण्याची संवय ग्रेगॉरला लागलेली आहे. आणि त्या सकाळीं तो या सावधगिरीबद्दल स्वतःला धन्यवादच देतो. तीन दारांशीं तीन माणसें उभीं, आई, बाप आणि बहीण. तिघेंहि हांका मारीत आहेत, आणि आंत कुलूप लावून घेतलेला घरचा मिळवता मुलगा! हा देखावा किड्यामुळें निर्माण झालेला नाहीं. कुलुपें आदल्या रात्रीं लागलेलीं आहेत, आणि तत्पूर्वींच्या कितीतरी रात्रीं लागत आलीं आहेत. स्वतःच्या घरांत तो एखाद्या उतारूसारखा राहत होता, आणि ही गोष्ट त्यालाहि खटकत नव्हती, घरच्यांनाहि खटकत नव्हती. त्याच दिवसाच्या रात्रीं मात्र किल्ल्या बाहेरच्या बाजूला लागलेल्या असतात. सकाळीं प्रत्येकाला आंत यावयाचें होतें. आतां दार उघडण्यास अडचण उरली नाहीं, तर कोणी फिरकत नाहीं. कुलूप तेंच, फक्त किल्लीची बाजू बदलली.

आपल्याकडे अशा मुलाला ‘मिळवता’ म्हणतात. शब्द मोठा मार्मिक आहे. हें विशेषण एकदां मुलाला चिकटलें कीं हळूहळू नाम गळून पडतें आणि विशेषणच शिल्लक राहतें. पेढी बुडाल्यानंतर ग्रेगॉर जेव्हां नव्या उमेदीनें कामाला लागला आणि रोख कमाई घरांतल्या टेबलावर ठेवूं लागला, तेव्हां सर्वांना केवढें आश्चर्य वाटलें, केवढा आनंद झाला! पुढें तसे दिवस पुन्हां आले नाहींत. रक्कम तीच, किंबहुना अधिक. घेणारे कृतज्ञतेनें घेत, देणारा आनंदानें देई. पण त्यांतील ऊब मात्र निघून गेली. दोन्ही बाजू सरावल्या. काफ्का हें चार ओळींत सांगून पुढें जातो; परंतु या चार ओळींत सारी कथा आहे. घरांत कोणी ग्रेगॉरचा तिरस्कार करूं लागलें असें मुळींच नाहीं. त्याचें असणें आणि त्याचें देणें यांत फरक आहे, याचा मात्र सर्वांना विसर पडला.

येथून पुढें कथा बहिणीकडे वळते. सतरा वर्षांची ग्रेटे ही या कथेंतील सर्वांत जिवंत व्यक्ति आहे, आणि तिला कृतघ्न ठरवून मोकळें होणारा वाचक कथा नीट वाचीत नाहीं. भावाला पूर्वीं आवडणारें दूध त्यानें तसेंच टाकलेलें पाहून तीच अस्वस्थ होते. दुसऱ्या दिवशीं जुन्या वर्तमानपत्रावर नाना प्रकारचे पदार्थ मांडून, त्याला काय रुचतें तें पाहण्याची युक्ति तीच काढते. त्यानें निःसंकोचपणें खावें म्हणून निघून जाऊन दाराला किल्ली फिरवते. आई-वडिलांना जें करवत नाहीं तें ती करते. परंतु काफ्काची नजर किती बारीक आहे पाहा. दुधाचें भांडें ती उघड्या हातानें उचलीत नाहीं, फडक्यानें उचलते. खोलींत येतांच धांवत जाऊन खिडकी उघडते. आणि मुख्य म्हणजे एवढी सेवा करीत असतां ती त्याच्याशीं एक शब्दहि बोलत नाहीं.

कां बोलत नाहीं? त्याचें बोलणें यांना कळत नाहीं, म्हणून यांचें बोलणेंहि त्याला कळत नसणार, असें सर्वांनीं गृहीत धरलें आहे. हें गृहीत कोणी एकदांहि तपासून पाहत नाहीं. ग्रेगॉर मात्र सारें ऐकतो. दाराला अंग चिकटवून तो पैशाच्या गोष्टी ऐकतो, आईचें रडणें ऐकतो, स्वतःविषयींची चर्चा ऐकतो. मनुष्य एकटा असतो तेव्हां त्याच्या कानीं कोणाचा शब्द पडत नाहीं, असा आपला समज आहे. येथें त्याच्या कानीं सर्वांचे शब्द पडतात. त्यांपैकीं त्याच्यासाठीं उच्चारलेला एकहि नसतो. एकाकीपणाचें इतकें अचूक वर्णन आमच्या वाचनांत दुसरें नाहीं. रूपांतर झाल्यानंतर बहीण प्रथम त्याला नांवानें हांक मारते ती मूठ उगारून, डोळे वटारून. तीहि आई त्याला पाहून बेशुद्ध पडते तेव्हां.

तो प्रसंग खोलींतील सामान हलविण्याचा. ग्रेगॉर भिंतींवर आणि छतावर सरपटूं लागला आहे. त्याला मोकळी जागा मिळावी म्हणून कपाट आणि टेबल बाहेर काढावें, असा ग्रेटेचा बेत आहे. आई तिच्या मदतीला येते आणि मधेंच थबकते. सामान काढलें तर आपण त्याच्या बरें होण्याची आशा सोडली असें होईल, खोली होती तशीच असूं द्यावी, म्हणजे तो परत येईल तेव्हां मधला काळ त्याला सहज विसरतां येईल, असें ती हलक्या आवाजांत म्हणते. ग्रेटे ऐकत नाहीं. भावाच्या बाबतींत आतां तीच घरांतील जाणकार झाली आहे. येथें एक विचित्र आणि फार खरी गोष्ट काफ्कानें पकडली आहे. जी रोज सेवा करते तिची आशा आधीं संपते. जिनें अद्याप मुलाला नीट पाहिलेंहि नाहीं तिची आशा टिकते. सेवेनें प्रेम वाढतें असें आपण म्हणत आलों आहों. सेवेनें प्रेम खर्चहि होतें, विशेषतः जिची सेवा करावयाची त्या व्यक्तीशीं बोलणें थांबलें असेल तर. ग्रेटे दुष्ट नाहीं. ती थकत चालली आहे, आणि थकवा हा दुष्टाव्यापेक्षां अधिक चिवट असतो. खोली रिकामी होत असतांना ग्रेगॉर जें एक चित्र वांचविण्यासाठीं त्यावर अंग टाकून बसतो, तें त्या बाईचें, स्वतः कोरलेल्या चौकटींतलें चित्र. माणूस म्हणून त्याच्यापाशीं तेवढेंच उरलें आहे.

वडिलांचें चित्र अधिक ठळक रेषांनीं काढलें आहे, म्हणून तें समजण्यास सोपें आहे. मुलगा मिळवीत होता तोंवर दिवसभर खुर्चींत बसून राहणारा, वर्षांतून एखाद्या रविवारीं कष्टानें फिरावयास निघणारा हा म्हातारा, मुलगा पडतांच उठून उभा राहतो. बँकेच्या शिपायाचा, सोनेरी गुंड्यांचा निळा गणवेश त्याच्या अंगावर येतो. मुलाला सफरचंदें फेकून मारणारा बाप तो हाच. त्यांतील एक पाठींत रुततें, आणि तें काढण्यास कोणी धजत नसल्यामुळें तेथेंच कुजतें. परंतु या हिंसेहून आम्हांस दुसरी एक गोष्ट अधिक जिव्हारीं लागते. पेढी बुडाली तरी वडिलांनीं कांहीं रक्कम मागें ठेवली होती, आणि मुलाच्या पगारांतून उरलेलेंहि साठविलें होतें. ही गोष्ट ग्रेगॉरला दाराआडून प्रथम कळते. त्या पैशांनीं मालकाचें कर्ज लौकर फिटलें असतें, आणि ज्या नोकरीनें त्याचा जीव गुदमरत होता तिच्यांतून तो लौकर सुटला असता. हें त्याच्या मनांत येतें. आणि तरीहि वडिलांनीं केलें तेंच बरें केलें, असें म्हणून तो मान डोलावतो. कथेंत सफरचंद लागण्याच्या कितीतरी आधीं हा घाव बसलेला आहे. तो ज्याला बसला त्यालाच तो घाव वाटत नाहीं, हीच त्यांतील करुण गोष्ट आहे.

तिसऱ्या भागांत काफ्का घरच्यांना पुरतें न्याय देतो, आणि म्हणूनच हा भाग वाचणें सर्वांत कठीण जातें. बाप बँकेंत, आई एका दुकानासाठीं तलम कपडे शिवण्यांत, बहीण दिवसा विक्रेतीच्या नोकरींत आणि रात्रीं लघुलेखन व फ्रेंच भाषा शिकण्यांत. ग्रेगॉरच्या जखमेमुळें बापालाहि क्षणभर आठवतें कीं हा आपल्याच घरचा माणूस आहे. संध्याकाळीं त्याच्या खोलीचें दार उघडें ठेवण्यांत येतें आणि अंधारांत बसून त्याला दिव्याभोंवतींचें आपलें कुटुंब पाहतां येतें. पण दिवसभर राबून आलेल्या या माणसांपाशीं जरुरीपेक्षां अधिक लक्ष देण्यास वेळ कोठून असणार? खोली झाडली जात नाहीं. अन्न पायानें आंत सरकविलें जातें आणि खाल्लें कीं नाहीं हें न पाहतां केरसुणीनें बाहेर लोटलें जातें. जागेचें भाडें निघावें म्हणून तीन भाडेकरू ठेवले जातात, आणि घरांत नको असलेली प्रत्येक वस्तु ग्रेगॉरच्या खोलींत येऊन पडते. अडगळीची खोली होते. मग तिच्यांत राहणारा अडगळ होतो. यांतील कोणतीहि पायरी घ्यावी आणि सांगावें कीं, येथें अमक्यानें त्याला टाकलें! तें सांगतां येत नाहीं. टाकण्याचा निर्णय कोणी घेतलाच नाहीं. निर्णय घेण्याची वेळ आली तेव्हां टाकणें होऊन गेलें होतें. या काळांत त्याच्याशीं तोंड उघडून बोलणारी व्यक्ति एकच, घरकाम करणारी हाडकुळी म्हातारी विधवा. ती त्याला शेणकिडा म्हणून हांक मारते. ती हांक हेटाळणीची खरी. पण ती त्याला उद्देशून मारलेली आहे, आणि तेवढें घरच्या तिघांपैकीं कोणाकडून होत नाहीं.

आतां कथेच्या मर्मस्थानाकडे येऊं. भाडेकरूंसाठीं ग्रेटे व्हायोलिन वाजवीत असते. त्यांना तें आवडत नाहीं. ग्रेगॉरला मात्र आवडतें, आणि धूळ व उष्टें अंगावर घेऊन तो उघड्यावर सरपटत येतो. त्याच्या मनांत एक जुनें गुपित आहे. बहिणीला संगीताच्या विद्यालयांत पाठवावयाचें, खर्च कितीहि येवो, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळीं तें सर्वांना जाहीर करावयाचें, असें त्यानें ठरविलें होतें. तें आतां तिच्या कानांत सांगावें असें त्याला वाटतें. इतक्यांत भाडेकरूंची नजर त्याच्यावर पडते, गोंधळ होतो, ते जागा सोडण्याची धमकी देतात, आणि ग्रेटे आई-वडिलांपुढें उभी राहून सांगते कीं, आतां यापासून सुटका करून घेतली पाहिजे. भावाचें नांव ती घेत नाहीं. घेणार नाहीं असें बजावते. मूळ जर्मनमध्यें येथें ‘तो’ जाऊन ‘तें’ येतें, आणि वडिलांनीं हें ग्रेगॉर आहे ही कल्पना मनांतून काढून टाकावी असा तिचा आग्रह आहे. मराठी वाचकाला या बदलाची धार विशेष जाणवावी, कारण आपल्या भाषेंत नपुंसकलिंग अद्याप जागतें आहे. पाळण्यांतल्या बाळालाहि आपण ‘तें’ म्हणतों, आणि नकोशा झालेल्या माणसालाहि ‘तें ध्यान’ म्हणतों. माणसाला ‘तें’ म्हणण्यांत पराकाष्ठेची माया असते किंवा मायेचा संपूर्ण अभाव असतो; ग्रेटेच्या तोंडीं तें कोणत्या अर्थानें येतें हें सांगावयास नको.

पण तिच्या बोलण्यांत एक तर्क आहे, आणि त्या तर्कावर सारी कथा तोलून धरली आहे. ती म्हणते कीं, हें जर खरोखर ग्रेगॉर असतें तर माणसांना अशा प्राण्याबरोबर राहतां येत नाहीं हें त्याला केव्हांच उमगलें असतें आणि तो आपण होऊन निघून गेला असता. ही कसोटी तिनें घातली. ग्रेगॉर ती ऐकतो, कष्टानें वळतो, आपल्या खोलींत परत जातो. मागून किल्ली फिरते. त्या रात्रीं घरच्यांविषयीं मनांत केवळ प्रेम ठेवून, आपण नाहींसें व्हावें या मताशीं बहिणीहूनहि अधिक दृढपणें सहमत होऊन, पहाटेच्या सुमारास तो मरतो. म्हणजे बहिणीनें घातलेल्या कसोटीला तो पूर्णपणें उतरला. आपण ग्रेगॉर आहों हें त्यानें मरून सिद्ध केलें. आणि तें सिद्ध झालें आहे हें घरांत कोणाच्याहि ध्यानांत येत नाहीं. इतका निर्दय आणि इतका शांत उपरोध साहित्यांत क्वचितच आढळेल. सकाळीं कामवाली बाई वर्दी देते, बाप देवाचे आभार मानतो, आणि ग्रेटे एवढेंच म्हणते कीं, पाहा किती वाळला होता. एवढ्या एका वाक्यांत तिच्या तोंडीं ‘तो’ परत येतो. तो येण्यास मरण घडावें लागलें.

शेवटीं तिघेंहि कामावरून रजा घेऊन ट्रॅमनें गांवाबाहेर जातात. ऊन पडलेलें असतें. ग्रेगॉरनें पसंत केलेलें घर सोडून लहान व स्वस्त घर घ्यावें असें त्यांचें ठरतें, आणि मुलगी उपवर झाली हें आई-वडिलांच्या एकदमच लक्षांत येतें. काफ्का स्वतः या शेवटावर असंतुष्ट होता. १९१४ च्या आरंभीं रोजनिशींत त्यानें तो वाचवत नाहीं असें नमूद केलें, आणि कथा लिहीत असतां मधेंच कचेरीच्या कामासाठीं प्रवासाला जावें लागलें म्हणून ती बिघडली असा दोष दिला. फिरत्या विक्रेत्याच्या कथेला फिरतीनेंच अडथळा आणावा, हा योगायोग मजेदार आहे. परंतु लेखकाचें हें मत आम्हांस मान्य करवत नाहीं. एक बारीक गोष्ट पाहावी: ग्रेगॉर मेल्यावर निवेदनांतील ‘वडील’ आणि ‘आई’ हे शब्द जवळजवळ नाहींसे होतात, त्यांचे जागीं ‘श्री. साम्सा’ आणि ‘श्रीमती साम्सा’ येतात. ज्याच्या नात्यानें ते आई-बाप होते तोच गेला. आणि ट्रॅममध्यें मुलीच्या तारुण्याकडे कौतुकानें पाहणाऱ्या त्या नजरा आपल्या ओळखीच्या आहेत. टेबलावर ठेवलेल्या पहिल्या कमाईकडे त्यांनींच पूर्वीं असें पाहिलें होतें. पुढचा भार कोणावर पडावयाचा आहे हें न सांगतां कळतें.

अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत दिलेल्या व्याख्यानांत व्लादिमिर नाबोकॉव्ह यानें या कुटुंबाविषयीं फार कठोर मत दिलें आहे. त्याच्या मतें ग्रेगॉर हा किड्याच्या वेषांतला माणूस, तर घरचे लोक हे माणसांच्या वेषांतले किडे. मत चटकदार आहे. तथापि तें वाचकाला फार स्वस्तांत सोडून देतें. साम्सा मंडळी किडे असतील तर ती आपण नव्हेत, आणि मग कथा मिटवून निश्चिंत झोंप घेण्यास हरकत नाहीं. काफ्कानें त्यांना किडे केलेलें नाहीं. प्रेमळ, भित्रीं, अब्रूला जपणारीं, कष्टाळू, अशीं चारचौघांसारखीं माणसें केलीं आहेत, आणि तरीहि शेवट जो व्हावयाचा तोच झाला आहे.

आणि न्याय करावयाचाच तर ग्रेगॉरचाहि केला पाहिजे. तो निर्दोष आहे, परंतु अलिप्त नाहीं. वडिलांनीं पैसा लपविला. त्यानें बेत लपविला. नोकरीचा आपल्याला किती वीट आला आहे, हें तो पहिल्या पानावर स्वतःशीं बोलतो. घरांत कधीं बोलल्याचें दिसत नाहीं. बहिणीवर त्याचें प्रेम आहे, पण तेंहि तो नाताळच्या मुहूर्तासाठीं राखून ठेवतो, जणू प्रेम ही सुद्धां ठरल्या तारखेला चुकती करावयाची रक्कम आहे. त्यागी माणसाचा त्याग हा पुष्कळदां एक आडपडदा असतो. त्याच्यामागें तो स्वतः दिसेनासा होतो, आणि मग तो दिसत नाहीं म्हणून दोष मात्र पाहणाऱ्यांना मिळतो. दाराला आंतून कुलूप त्यानें लावलें होतें. बाहेरून तें त्यांनीं लावलें. या घरांत कोणाचेंच दुसऱ्यावर प्रेम नव्हतें असें नाहीं. तें कोणीं कोणाला वेळेवर सांगितलें नाहीं, एवढेंच.

या कथेला एक मर्यादा आहे ती सांगितली पाहिजे. शेवटचीं कांहीं पानें सोडल्यास सारें आपल्याला ग्रेगॉरच्या जागेवरूनच दिसतें. त्यामुळें तो आपल्या खोलींत असतां पलीकडे ग्रेटेनें किती रात्री रडून काढल्या, आईनें काय सोसलें, हें आपल्याला दाराआडून येणाऱ्या आवाजांवरूनच ताडावें लागतें. आई तर जवळजवळ सावलीसारखी राहते. परंतु ही मर्यादा लेखकानें जाणून स्वीकारलेली आहे, आणि तिच्यामुळेंच वाचक कथाभर त्या खोलींत कोंडला जातो.

ही कथा सुखाची नव्हे, आणि करमणुकीसाठीं ती कोणी हातीं घेऊं नये. तरीहि ज्या घरांत एकाच्या मिळकतीवर चार माणसें जगतात, त्या घरांतील सर्वांनीं, आणि विशेषतः त्या एकानें, ती अवश्य वाचावी. संकटांत आपण आपल्या माणसाला टाकूं काय, हा प्रश्न ती विचारते असें समजलें जातें. आमच्या मतें तिचा प्रश्न याहून आधींचा आणि याहून अवघड आहे. सारें ठीक चाललेलें असतांना, महिन्याच्या महिन्याला पगार येत असतांना, आपण त्या माणसाला कधीं भेटलों होतों काय? त्याला काय रुचतें हें दूध टाकून दिल्यावर विचारण्यांत फारसा अर्थ उरत नाहीं.